चित्रांचा सांधा आणि वेळेचा हिशेब

हुपरीच्या चांदीकामात डाक देणाऱ्याचे कसब सांधा दिसत नाही यावरून ओळखतात. चलच्चित्राच्या धंद्यातही हाच नियम आहे, आणि तो धंदा आपल्या जिल्ह्याला परका नाही. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झाली. त्या काळी फिल्म कात्रीने कापून चिकटवली की सांधा झाला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असते. त्यामुळे कोठेही कापले तरी पुढचे चित्र बिघडत नसे.

आज दूरचित्रवाणीवर कार्यक्रमाच्या मध्येच जाहिरात लागते. तोही सांधाच, परंतु तो फिल्मचा नसून आकड्यांच्या प्रवाहाचा असतो. हा सांधा अवघड का, आणि तो सोपा कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

साध्या दूरचित्रवाणीच्या एका चित्रात आडवे ७२० व उभे ५७६ ठिपके असतात आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. ती जशीच्या तशी पाठवायची तर सेकंदाला सुमारे १२ कोटी बिट लागतील. म्हणून चित्रे दाबून पाठवतात. मधूनमधून एक चित्र पूर्ण देतात आणि बाकीच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच सांगतात. अशा रीतीने तोच प्रवाह ४० लाख बिटांत बसवता येतो.

या काटकसरीची किंमत सांध्याच्या वेळी मोजावी लागते. पहिली गोष्ट अशी की, 'बदल' सांगणारे चित्र एकट्याने उभे राहत नाही. म्हणून नवा प्रवाह पूर्ण चित्रापासूनच सुरू करावा लागतो. एवढे पाळणे सोपे आहे. दुसरी गोष्ट मात्र खरी कटकटीची. चित्रांचे आकार आता सारखे राहिले नाहीत.

घरातील पाण्याचे पिंप डोळ्यांपुढे आणा. नळाची धार एकसारखी आहे. पण ठरावीक वेळाने कधी तांब्याभर, तर कधी घागरभर पाणी काढावे लागते. काढण्याची वेळ चुकवायची नाही, पिंप कोरडे पडू द्यायचे नाही, आणि भरून वाहूही द्यायचे नाही. दूरचित्रवाणी संचातील साठवणीची जागा हे असेच पिंप. १९९४ मध्ये पक्क्या झालेल्या एम्पेग-२ पद्धतीत नेहमीच्या दूरचित्रवाणीसाठी ते जास्तीत जास्त सुमारे १८ लाख बिटांचे असते. प्रवाह तयार करणारे यंत्र या पिंपाचा हिशेब आधीच करून ठेवते.

आता दोन प्रवाह जोडू. कार्यक्रमाचा शेवटचा बिट आत आला तेव्हा पिंपात ०.१२ सेकंद, म्हणजे तीन चित्रे पुरतील एवढाच साठा आहे. जाहिरात मात्र आपले पहिले चित्र ०.३२ सेकंद साठल्यावर काढले जाईल असे धरून बनवली आहे. ते पहिले चित्र ६ लाख बिटांचे आहे. ०.१२ सेकंदात ४ लाख ८० हजार बिटच येतात. चित्र काढण्याची वेळ झाली, पण चित्र पुरते आलेलेच नाही! पडदा गोठतो. उलट, साठा जास्त आणि अपेक्षा कमी असेल तर पिंप भरून वाहण्याचा धोका असतो.

सरळ उपाय म्हणजे दोन्ही प्रवाह उलगडून पुन्हा दाबणे. पण त्याला महागडे यंत्र लागते, आणि पुन्हा दाबताना चित्राचा कस उतरतो. सोपा उपाय निराळा: प्रवाह बनवणाऱ्याने सांध्याच्या जागी वेळेचा आकडाच लिहून ठेवावा. 'येथे एवढा साठा उरतो', 'येथे सुरुवातीला एवढे थांबावे लागते'. मग जोडणाऱ्याला चित्राच्या पोटात शिरण्याचे कारण उरत नाही. उरलेला साठा अपेक्षेहून जास्त असेल, तर मधल्या वेळात पोकळ बिट भरून नवा प्रवाह थोडा उशिरा सोडला की झाले. साठा कमी असेल तर ते आधीच कळते आणि दुसरी जागा निवडता येते.

२०१३ मध्ये मान्य झालेल्या एच.२६५ या पद्धतीत याच विचाराची पुढची पायरी दिसते. तेथे एका बिटाची खूण असते. ती लावली की सांध्यानंतरच्या चित्राची वेळ दूरच्या जुन्या खुणेपासून न मोजता अगदी मागच्याच चित्रापासून मोजली जाते. आणि तोवर पुरेसा साठा झाला नसेल, तर लागेल तेवढे थांबायचे हेही नियमानेच ठरलेले असते. जोडणाऱ्याला पुढचे वेळेचे आकडे नव्याने लिहीत बसावे लागत नाही.

गोष्ट एका आकड्याची आणि एका बिटाची. परंतु तिचा परिणाम लहान नाही. आकडा लपून राहिला, तर सांधा फक्त महाग यंत्रे बाळगणाऱ्यालाच जमेल. तो उघड लिहिला, तर मुंबईत तयार झालेल्या कार्यक्रमात हुपरीच्या एखाद्या चांदीच्या पेढीची जाहिरात गावाजवळच, स्वस्तात आणि चित्राला धक्का न लावता जोडता येईल. आपल्या मागून कोण काम करणार आहे हे ठाऊक नसतानाही त्याच्यासाठी हिशेब लिहून ठेवणे, यातच या युक्तीचे सारे मर्म आहे.