खानेसुमारी झाली, नावं गेली

1881 च्या 17 फेब्रुवारीला रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात एकाच वेळी शिरगणती झाली. 1872 च्या सुमाराची पहिली गणती तुकड्यातुकड्यांनी उरकली होती. पुढे दर दहा वर्षांनी गणतीदार दारात येऊन नाव, वय, जात, धंदा लिहून नेत राहिले. आपले खापरपणजोबा त्यांतल्या एखाद्या कागदावर होतेच. पण आकडे काढून झाले, जाडजूड अहवाल छापले गेले आणि घराघरांची मूळ पत्रकं नष्ट झाली. इंग्लंड-वेल्सने 1921 ची पत्रकं जपली, शंभर वर्षांनी, 2022 मध्ये, लोकांसाठी खुली केली.

आपल्याकडे ती उरली नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला पूर्वज शोधावे लागतात ते महसुलाच्या दप्तरात. इंदापूर तालुक्यात 1830 च्या दशकात जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू झाली. पुढे हक्कनोंदणी आली, फेरफार आले. खातेदार वारला की वारसांची नावं चढतात, आणि एका नोंदीत दोन पिढ्या हाती लागतात. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कोतवाल बुक आहे. गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची ही वही मला या सगळ्या दप्तरात सर्वांत मोलाची वाटते, कारण तिथे शेतसाऱ्याची अट नाही. बारशाआधीच नोंद झालेली असेल, तर बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढंच. आईचा शोध बऱ्याचदा तिथेच थांबतो.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली ही बाडं पुन्हा उघडली. जुनी पानं मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारे मोजके. जीर्ण कागद हाताळताना त्यांच्यावर केवढा भार पडला असेल! नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्यांची गोष्ट वेगळी. तिथे यजमानाने स्वहस्ते लिहिलेलं नाव, गाव, भाऊबंद सापडतात, आणि पणजोबांचं अक्षर पाहून माणसं रडतात.

आता पुन्हा गणतीकडे. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार गणतीच्या नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत. हयात माणसांसाठी ही गुप्तता हवीच. पण 2027 ची गणती डिजिटल होणार आहे. साठवायला गोदामं लागणार नाहीत. शंभर वर्षांनी ती खुली होईल, अशी तरतूद कायद्यात आत्ताच करावी.