चुनखडीच्या डोंगरातील वहिवाट

इंग्लंडात डर्बीशर आणि स्टॅफर्डशर या दोन परगण्यांच्या सीमेवर चुनखडीच्या डोंगरांचा एक मुलूख आहे. तेथील लोक त्याला ‘व्हाइट पीक’ म्हणतात. पीक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुळके उभे राहतात. येथे सुळका क्वचितच दिसतो. हजार-बाराशे फूट उंचीचे गवताळ पठार, त्यावर पांढुरक्या दगडांच्या गडग्यांचे जाळे, आणि चालता चालता पायाखालची जमीन संपावी तशा अचानक उघडणाऱ्या दऱ्या, असे याचे रूप. जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन हिंडणाऱ्यांचा हा आवडता प्रदेश. गेल्या उन्हाळ्यात भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा दोन दिवस मीही त्या सायकलस्वारांत जमा झालो. बडोद्यासारख्या सपाट गावात सायकल हाणलेल्या माणसाला चढ म्हणजे स्टेशनचा पूल. तेव्हा माझ्या वेगाविषयी न बोललेले बरे.

या प्रदेशाचे पहिले नवल म्हणजे पाणी. पाऊस भरपूर, पण ओढा दिसेल तर शपथ! पावसाचे पाणी किंचित आम्ल असते. ते चुनखडीच्या भेगांत शिरते, दगड विरघळवीत जमिनीखाली वाटा करते आणि दरी वर कोरडी राहते. मॅनिफोल्ड नावाची नदी तर पाऊस कमी असला की वेटन मिलपाशी जमिनीत गडप होते आणि काही मैलांवर इलम गावी पुन्हा वर येते. आम्ही गेलो तेव्हा तिच्या पात्रात नुसते गोटे होते. गुरांच्या पाण्यासाठी पठारावरच्या शेतकऱ्यांनी तळाला चिकणमाती चोपून तळी केलेली असतात, कारण उघड्या चुनखडीवर पाणी ठरत नाही.

सायकलस्वाराला याचा लाभ असा की इतर डोंगरांपेक्षा येथली वाट लवकर वाळते. तोटा असा की ओला चुनखडी दगड साबणासारखा निसरडा होतो. शेकडो वर्षे टापांनी आणि चाकांनी घासलेल्या दगडावर पावसाची एक सर पडली की ब्रेक दाबणे हाच अपघाताला आग्रहाचे आमंत्रण. असा उतार आला की मी सरळ खाली उतरून सायकल हातात धरीत असे. भाचा हसे, पण थांबे.

आम्ही निघालो वॉटरहाउसेस या गावाहून. तेथे भाड्याने सायकली मिळतात. तेथून हल्म एंडपर्यंत मॅनिफोल्डच्या दरीतून आठ मैलांची वाट आहे, आणि ही वाट म्हणजे एके काळची आगगाडी. १९०४ साली येथे अडीच फूट रुंदीची छोटी गाडी सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. रूळ उखडल्यावर रेल्वे कंपनीने ती जागा परगण्याच्या स्वाधीन केली आणि १९३७ साली ती लोकांच्या वाटेसाठी खुली झाली.

हल्म एंडला जुन्या स्टेशनाची माहिती लावली आहे. तेथे या गाडीच्या एंजिनिअराचे नाव वाचले आणि मी सायकलीवरून उतरलो तो पंधरा मिनिटे तेथेच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप! हा तर आपल्या बार्शी लाइटचा कॅलथ्रॉप! कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली जी गाडी सुरू झाली आणि पुढे १९०६ साली पंढरपुरापर्यंत पोचली, ती याचीच. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल जातो, हे त्याचे सूत्र बार्शीला सिद्ध झाले आणि मग ते इंग्लंडातल्या या दरीत आले. एंजिने दोन्हीकडची लीड्सच्या किटसन कारखान्याची. मॅनिफोल्डच्या एंजिनांना हिंदुस्थानी थाटाचा मोठा कंदील होता आणि पिवळ्या डब्यांच्या टोकांना सज्जे. आपल्याकडून तिकडे काही गेले असे म्हणण्याची संधी फारशी येत नाही, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले. हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी घेण्याच्या छत्र्या करू लागला, हे आणखी एक नवल.

आपल्या डभोईची गाडी याहून जुनी. खंडेराव महाराजांच्या वेळी, १८६२ साली, मियागाव ते डभोई ती बैलांनी ओढली. रुंदी तीच अडीच फूट. बार्शीची वाट पुढे रुंद झाली, डभोईहून केवडियापर्यंत १९२१ नव्हे तर थेट २०२१ साली मोठी गाडी धावू लागली. ते योग्यच झाले. परंतु जेथे छोटी गाडी थांबते आणि मोठी येत नाही, तेथल्या पट्टीचे काय करावयाचे? दहा वर्षे ती तशीच पडू दिली तर तिच्यावर बाभळी उगवतात आणि मग घरे. मॅनिफोल्डची गाडी जेमतेम तीस वर्षे चालली. तिची वाट मात्र तिच्या कितीतरी पट अधिक जगली आहे.

हार्टिंग्टनला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पार्सली हे येथे गेलो. तेथे दोन जुन्या रेल्वेवाटा मिळतात. त्यांतली एक क्रॉमफर्डहून येते. ही १८३०-३१ सालची, प्रारंभी घोड्यांनी ओढलेली. मिडलटनच्या चढावर, आठ-साडेआठ फुटांस एक फूट अशा उभ्या घाटात, वर बसविलेले वाफेचे एंजिन दोराने वाघिणी ओढून घेई. १९६७ साली ती बंद पडली आणि पुढे तीवर सायकली चालू लागल्या. पण रेल्वेच्या वाटा कितीही सुंदर असल्या तरी मऊ. डोंगरी सायकलीची खरी परीक्षा पठारावरच्या जुन्या गल्ल्यांत होते. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये गवत आणि सुटे दगड. कोकण-कोल्हापूरकडचे वाचक त्यांना पाणंदच म्हणतील. आपल्याकडे लमाणांचे बैलांचे तांडे जात, तसे येथे ओझ्याच्या घोड्यांचे तांडे मीठ आणि शिसे घेऊन जात असत.

अशाच एका फाट्यावर मी उत्साहाने डावीकडे वळू लागलो, तर भाचा ओरडला, “मामा, तिकडे नको! ती पाऊलवाट आहे.”

“मग? चांगली रुंद तर दिसते.”

“रुंदीवर नाही, नकाशावर आहे.”

त्याने नकाशा उलगडला. आखूड तुकड्यांची हिरवी रेघ म्हणजे पाऊलवाट. तेथे सायकलीला हक्क नाही. लांब तुकड्यांची म्हणजे घोडेवाट. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटेवर सायकलीला परवानगी मिळाली, ती पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देण्याच्या अटीवर. एका रेघेच्या तुकड्यांच्या लांबीवर एवढे अवलंबून! आणि ती रेघ बहुधा गेल्या शतकाच्या मध्यावर कुणीतरी कचेरीत बसून आखलेली. गाड्या-घोड्यांची म्हणून दोनशे वर्षे चाललेली वाट नोंदीत नुसती पाऊलवाट झाली, किंवा मुळीच नोंदली गेली नाही, अशी उदाहरणे आहेत.

येथे आपला ‘वहिवाट’ हा शब्द मला फार आठवला. त्यांच्या कायद्यातही वीस वर्षे लोक उघडपणे आणि विनाअडथळा एखाद्या वाटेने गेले तर तो हक्क मानला जातो. पण २००० सालच्या कायद्याने १९४९ पूर्वीच्या नोंद न झालेल्या वाटांना २०२६ ची मुदत घातली. मग ती २०३१ पर्यंत लांबविली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही मुदतच काढून टाकण्याचा विचार सरकारने जाहीर केला. दरम्यान घोडेस्वार, सायकलस्वार आणि पादचारी जुने नकाशे व जमीनवाटपाचे कागद चाळीत बसले आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांची पोतडी आहे, त्यांना हा उद्योग परका वाटणार नाही.

नुसते कागद पुरत नाहीत, वाट वापरावी लागते, हे मेरी टाउनली या बाईंनी जाणले होते. घोडेवाटांची दैना दाखविण्यासाठी १९८६ साली त्या नॉर्थम्बरलंडहून डर्बीशरमधील अ‍ॅशबोर्नपर्यंत, सुमारे अडीचशे मैल, घोड्यावरून आल्या. त्यातून ‘पेनाइन ब्राइडलवे’ हा दोनशे मैलांचा मार्ग उभा राहिला. आम्ही पुढे तोच धरला. चेल्मॉर्टन गावापाशी मध्ययुगातल्या अरुंद पट्ट्यांची शेते अजून गडग्यांनी आखलेली दिसतात. मग वाय नदीची खोल दरी. उतरताना हात भरून येतात आणि चढताना बाकी सर्व. माझी सायकल तो चढ माझ्याबरोबर पायी चढली.

उत्तरेस काही मैलांवर गडग्यांचा रंग बदलू लागतो. पांढरा दगड जाऊन काळपट वालुकाश्म येतो, वाटेत पाणी साचलेले दिसते, चिखल लागतो. पुढे हेफील्ड. १९३२ साली येथूनच चालणाऱ्यांचा एक मोठा जमाव जमीनदारांची बंदी मोडून किंडरच्या डोंगरावर गेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ साली याच प्रदेशात त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आम्ही हेफील्डला चहा घेतला आणि न्यू मिल्सच्या स्टेशनाकडे निघालो. अडीच मैलांचा सौम्य उतार. १९७० साली बंद पडलेली तीही एक आगगाडीचीच वाट.