मुळा-मुठेवरील नौकाविहार संस्था : बंधारा, पाणी आणि वऱ्हाडातील नद्यांचा प्रश्न

प्रस्तावना :

वऱ्हाडाला क्रीडासंस्थांची जुनी परंपरा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मध्ये झाली आणि मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकेही सादर केली. नौकानयनास मात्र या प्रदेशात तशी परंपरा लाभली नाही. याचे कारण लोकांच्या उत्साहात शोधण्यापेक्षा नदीच्या स्वरूपात शोधणे योग्य ठरेल. पूर्णा, पेढी, मोर्णा या पावसावर वाहणाऱ्या नद्या होत. पावसाळ्यात त्यांचा लोंढा नौकेस धोक्याचा, तर उन्हाळ्यात पात्रात डबकी तेवढी उरतात. दख्खनच्या पठारावरील इतर नद्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. मग पुण्यात नदीवरील नौकाविहार संस्था कशा उभ्या राहिल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंधाऱ्याचे पाणी :

या प्रश्नाचे उत्तर येरवड्याजवळील बंधाऱ्यात सापडते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुळा-मुठेवर हा बंधारा बांधण्यात आला. हेतू पाणीपुरवठ्याचा होता. परंतु त्यामुळे संगमाच्या दिशेने पाणी तुंबून राहू लागले व बाराही महिने नौका तरंगेल असा जलाशय शहरालगत निर्माण झाला. १८६८ मध्ये स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब हे त्याचेच अपत्य म्हणावे लागेल. १८८६ ते १८९० या काळात मुंबई सैन्याचे सरसेनापती असलेल्या ड्यूक ऑफ कॅनॉट यांचे नाव या क्लबाला आहे. पुण्यातील बोट क्लब रोड हे रस्त्याचे नावही त्यावरूनच रूढ झाले.

याच पाण्यावर पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आपले स्थान निर्माण केले. १८५४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये सुरू झाला आणि त्याचा ‘रिगाटा’ हा पुण्याच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग बनला. नौकांच्या बाणाकृती रचना, पंट व कयाक यांच्या कवायती, मशालींची प्रात्यक्षिके हे सर्व विद्यार्थी स्वतः बसवीत. ब्रिटिश अमदानीतील क्लबसंस्कृती आणि विद्यार्थ्यांचा उत्सव एकाच नदीवर नांदावेत, ही बाब सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावी अशी आहे.

येथे वल्ह्यांचा वापर प्रामुख्याने का झाला, हेही पाहणे आवश्यक आहे. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट विरुद्ध दिशेने जाऊ शकत नाही. तिला नागमोडी मार्गाने पुढे सरकावे लागते व त्यासाठी पाण्याची रुंदी लागते. अरुंद पात्र आणि काठावरची झाडी यांमुळे वारा अडतो व वारंवार दिशा बदलतो. म्हणून शिडाच्या नौकांना खडकवासल्यासारखा विस्तीर्ण जलाशय सोयीचा ठरला. तेथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना नौकानयनाचे शिक्षण दिले जाते.

ऱ्हासाची कारणे :

बंधाऱ्याने दिलेले स्थिर पाणी हेच पुढे संकटाचे कारण ठरले. मुठेवर खडकवासला, तिच्या उपनदीवर पानशेत आणि मुळेवर मुळशी अशी धरणे झाली. मुळशीचे पाणी तर वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिरा येथे वळविण्यात आले. परिणामी, वाढत्या शहराच्या हद्दीत उन्हाळ्यातील प्रवाहाचा मोठा हिस्सा सांडपाण्याचा राहिला. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी पोसते आणि संथ पाण्यात ती झपाट्याने पसरते. तिच्या गालिच्यात वल्हे घालणे अशक्य होते. क्लबाची वास्तू टिकली तरी तिच्यासमोरचे पाणी टिकेलच असे नाही.

वऱ्हाडाच्या संदर्भात :

अकोल्यात मोर्णेने हाच अनुभव दिला. जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिकांनी नदीत उतरून जलपर्णी काढली आणि त्या मोहिमेची देशभर नोंद घेतली गेली. मात्र सांडपाणी थांबल्याशिवाय जलपर्णी पुन्हा येते, हे पुण्यात वारंवार दिसून आले आहे.

कोरडवाहू प्रदेशातील तरुणांना नौकानयन परके आहे, असा समज असल्यास तो दत्तू भोकनळ यांच्या उदाहरणाने दूर व्हावा. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या टंचाईग्रस्त गावचे भोकनळ सैन्यात गेले, पुण्यातील लष्करी केंद्रात वल्हविण्यास शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेराव्या क्रमांकावर राहिले. उणीव पाण्याची आणि प्रशिक्षणाची असते.

अमरावती जिल्ह्यात असे पाणी सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा जलाशयात उपलब्ध आहे. तेथे महाविद्यालयीन केंद्राचा विचार झाल्यास दोन गोष्टी आधी लक्षात घ्याव्या लागतील. उन्हाळ्यात पातळी खाली जात असल्याने दगडी घाटाऐवजी तरंगता धक्का लागेल. आणि अमरावती शहर हेच पाणी पिते, त्यामुळे इंजिनाच्या बोटीपेक्षा वल्ह्याची वा शिडाची नौकाच तेथे उचित ठरेल.