घरी तेल बदलल्यावर फिल्टर का गळतो?

उरण परिसरात आमच्या बऱ्याच व्यापारी व कारागीर बांधवांकडे आता स्वतःचा छोटा टेम्पो आहे. भिवंडीहून कापडाचे गठ्ठे आणायचे तर भाड्याच्या गाडीपेक्षा तो किफायतशीर पडतो. इंजिनाचे तेलही पुष्कळजण अंगणातच बदलतात. त्यात गैर काही नाही. मात्र त्यानंतर फिल्टरपाशी गळती सुरू झाली किंवा तेलाचा लाल दिवा विझेना, अशी तक्रार वारंवार कानी येते. आम्ही कापडवाले, पण मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून जे शिकलो ते येथे देत आहोत.

डब्यासारखा, फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडावर रबराची रिंग असते. जुना फिल्टर काढताना ही रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तीही काळी, इंजिनही काळे, म्हणून नजरेस पडत नाही. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला की रिंगा दोन होतात. गाडी बंद असताना थेंबही पडत नाही. इंजिन सुरू होऊन पंपाचा दाब आला की रिंग सरकते आणि काही मिनिटांत सगळे तेल रस्त्यावर! अशा वेळी फिल्टर आणखी आवळून उपयोग नाही. तो काढून जुनी रिंग उचलणे, हाच इलाज. म्हणून जुना फिल्टर फेकण्याआधी उलटा करून रिंग त्याच्याबरोबर आली की नाही, याची खातरजमा करावी.

नव्या रिंगेला बोटाने ताजे तेल लावावे. कोरडी रिंग पिळली जाते. रिंग टेकल्यावर बहुतेक फिल्टर हाताने साधारण पाऊण फेरा आवळायचे असतात. डब्यावर वेगळे छापले असेल तर तेच मानावे. पान्ह्याने आवळण्याची हौस नको.

तरीही तेल दिसले तर आधी सर्व पुसून कोरडे करावे आणि इंजिन चालू करून पाहावे. कित्येकदा ते फिल्टर काढताना सांडलेलेच असते, किंवा खालच्या ड्रेन नटाचे वॉशर जुने असते.

आता लाल दिव्याविषयी. नवा फिल्टर रिकामा असल्याने पहिल्यांदा दिवा काही सेकंद राहतो. तेवढ्या वेळात रेस देऊ नये. दहा सेकंदांतही विझला नाही तर इंजिन बंद करून तेलाची पातळी पाहावी. रोज सकाळी तो उशिरा विझत असेल, तर फिल्टरमधील तेल धरून ठेवणारी रबरी झडप निकामी असण्याचा संभव आहे. नकली मालात हे फार.

चालत्या गाडीत दिवा लागला तर "उरण आलेच" म्हणून पुढे जाऊ नये. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर विनाकारण थांबायला मनाई आहे, पण हे कारण विनाकारण नव्हे. गाडी कडेच्या पट्टीत घेऊन इंजिन बंद करावे व मदत मागवावी. तेलाविना बेअरिंग घासून इंजिन जाम होते. मग रबराच्या रिंगेपायी अख्ख्या इंजिनाचा खर्च येतो आणि सणासुदीचा माल वाटेतच अडकतो.

काढलेले तेल गटारात किंवा खाडीत ओतू नये. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. नवा फिल्टर घेताना जुना डबा बरोबर न्यावा. नुसते रूप जुळून चालत नाही, आटे जुळले पाहिजेत. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर फिल्टरचा नंबर लिहून घ्यावा.