उंची थांबली, पण हाडांचं काय?

कुंभकोणमची डिग्री कॉफी साऱ्या तामिळनाडूत नावाजलेली. लॅक्टोमीटरची डिग्री पाहून घेतलेल्या निर्भेळ दुधाची, म्हणून ती डिग्री कॉफी, असं सांगतात. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचंही हे गाव. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली अशाच एका घराण्यात इथे जन्मले. कुंभकोणम असो वा कोल्हापूर, दुधाची पारख आपण चोख करतो. ते दूध पिणाऱ्या मुलाची उंची मात्र वर्षातून एकदा तरी मोजतो का?

‘आजोबांवर गेलाय’, ‘पुढे एकदम वाढेल’ असं म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वाढ ४ सेंटिमीटरपेक्षाही कमी असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कारण कुपोषण असेल, थायरॉइड असेल. थोड्या मुलांत ते ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असतं. फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीलाही लहानपणी हाच त्रास होता.

मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी हे हॉर्मोन तयार करते. त्यामुळे हाडं लांब होतात, तशीच भरीवही होतात. ते कमी पडलं की उंची खुंटते, हे सगळ्यांना दिसतं. आतून हाडं कमकुवत राहतात, ते कुणाला दिसत नाही.

उपचार म्हणजे इंजेक्शनं. पूर्वी हे हॉर्मोन मृतांच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा असाध्य रोग झाल्याचं १९८५मध्ये उघड झालं आणि ते बंद पडलं. त्याच वर्षी जैवतंत्रज्ञानाने बनवलेलं हॉर्मोन आलं. आज तेच वापरतात. खर्च मोठा, रोज टोचून घेणं कंटाळवाणं. म्हणून उंची पूर्ण झाली की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात.

खरी गफलत इथेच होते. उंची थांबली तरी हाडांत कॅल्शियम साठणं विशीतही चालू असतं. हीच पुंजी म्हातारपणी उपयोगी पडते. म्हणून उंची पूर्ण झाल्यावर हॉर्मोनची तपासणी पुन्हा करतात. बऱ्याच मुलांचं प्रमाण तेव्हा ठीक निघतं आणि औषध थांबतं. पण पिट्युटरीला गाठीमुळे वा शस्त्रक्रियेमुळे इजा झाली असेल, तर कमतरता बहुधा कायम राहते. अशांना मोठ्यांच्या कमी मात्रेत औषध पुढे चालू ठेवावं का, हे डॉक्टर ठरवतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत बुटक्या मुलाचा आकडा मुळातच कमी येतो. त्यामुळे तो उंची लक्षात घेऊनच वाचायला हवा.

बाकी पथ्य सोपं आहे. दूध, नाचणी, तीळ खाण्यात असावेत. मैदानी खेळ आणि थोडं ऊन हवं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावं. मात्र निरोगी मुलाला उंच करण्यासाठी ही इंजेक्शनं मुळीच देऊ नयेत.

जूनमध्ये शाळा सुरू होताना भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आणि ज्यांच्या मुलांची इंजेक्शनं संपत आली आहेत, त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारावं, ‘उंची झाली, आता हाडं कधी तपासायची?’