सर्फबोर्ड आत मावेल अशी छोटी गाडी कशी निवडाल?
गोव्याला सर्फिंगला जाणाऱ्या पोरांनो, गाडी घेताना डिकी किती लिटरची एवढंच विचारू नका. शॉर्टबोर्ड साधारण ६ फुटांचा, लाँगबोर्ड ९ फुटांचा असतो. मागची सीट दुमडून आणि पुढची डावी सीट मागे पाडून डिकीच्या दारापासून डॅशबोर्डपर्यंत सरळ जागा किती मिळते, ते मोजा. मागची सीट ६०:४० दुमडणारी असेल तर बोर्डाशेजारी एक माणूसही बसतो. सीएनजी गाडीत डिकीतली टाकी आड येते का, ते बघा.

सोपा उपाय म्हणजे बोर्डाच्या मापाची काठी घेऊनच शोरूमला जा. काठी आत ठेवून डिकी लावा, गिअर टाकून बघा, डावा आरसा दिसतोय ना तपासा. यातलं काही अडलं तर टपावर कॅरिअर लावा. डिकी उघडी ठेवून हायवेला जाऊ नका.