नकाशातले पांढरे रस्ते

फ्रान्स आणि सायकल एकत्र आले की आपल्याकडच्या सायकलवाल्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते आल्प ड्युएझचे. तिथली एकवीस वळणे, मग गालिबिए, तुर्माले, माँ व्हाँतू. ही नामावली जुलै महिन्यातल्या टूर द फ्रान्सने सगळ्यांकडून पाठ करून घेतली आहे. दूरचित्रवाणीवर दिसतो तेवढाच फ्रान्स, असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे गेली. तो वाद अजून मिटलेला नाही आणि या लेखातही मिटणार नाही.

आधी मोठी नावे उरकून घेऊ. जिनिव्हा सरोवराकाठच्या तोनोंहून भूमध्य समुद्रावरच्या नीसपर्यंत जाणारा ‘रूत दे ग्रांद आल्प’ हा सातशे किलोमीटरहून लांब रस्ता भव्य आहे, यात शंका नाही. तूरिंग क्लब द फ्रान्सने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये इझेरांचा २७६० मीटरहून उंच घाट खुला झाल्यावर तो पुरा झाला. पिरिनीजमध्ये आंदाय ते सेर्बेर हा समुद्र ते समुद्र ‘रेड पिरेनेएँ’ आहे: अठरा घाट आणि शंभर तासांची मुदत, सवडीने जाणाऱ्यांना दहा दिवस. दोन्हीकडे ऑगस्टमध्ये मोटारसायकलींचा इतका गोंगाट असतो, की घाटमाथ्यावर उभे राहून फोटो काढायचा आणि निघायचे. दुसऱ्या टोकाला नदीकाठचे सपाट मार्ग. ‘ल्वार आ व्हेलो’ सुमारे नऊशे किलोमीटर, राजवाडे पाहत, द्राक्षमळ्यांतून. कुटुंबासह जाणाऱ्यांनी जरूर जावे. लिहिण्यासारखे त्यात फार काही नाही.

या दोन टोकांच्या मध्ये मासिफ सांत्राल पसरले आहे: आर्देश, व्हेले, सेव्हेन, ओब्राक, कांताल. उंची साधारण पाचशे ते सोळाशे मीटर, वस्ती विरळ, रस्ते अरुंद, गाड्या कमी. सायकलवरून फिरायला याहून चांगला मुलूख लेखकाने पाहिलेला नाही. ‘घाट दोन हजार मीटरचा नसेल तर तो घाट कसला’ असे म्हणणारे एक पंथवाले आहेत. त्यांनी इथे दिवसभरात पाच-सहा लहान घाट चढून संध्याकाळी बेरीज करावी. ती एखाद्या आल्पाइन घाटाहून जास्तच भरते.

सायकलचे पर्यटन फ्रान्समध्ये रुजले तेही याच डोंगरांच्या कडेला, सँ-एतिएन या कोळसा, शस्त्रे आणि रेशमी फितींच्या धुरकट शहरात. पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा तिथला रेशमाचा व्यापारी. त्याने १८८७ मध्ये सायकलवर मासिक काढले, ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ म्हणून देशभर गाजले. त्यात तो ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिही. व्यापार सुटला, सायकल सुटली नाही. गृहस्थ शाकाहारी, एस्पेरांतोचा प्रचारक आणि हाडाचा फिरस्ता. ईस्टरला तो सहकाऱ्यांना घेऊन प्रोव्हान्सकडे निघे. तो ईस्टरचा मेळावा आजही भरतो. सायकलस्वारांसाठी त्याने घालून दिलेल्या सात नियमांचा मथितार्थ असा, की भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, विसावे मोजके आणि आखूड घ्या आणि केवळ फुशारकीसाठी पेडल मारू नका. शेवटचा नियम आपल्या प्रत्येक सायकल क्लबाच्या दारावर लावायला हरकत नाही.

त्याचा खरा ध्यास मात्र गियर हा होता. त्या काळच्या सायकलला एकच गियर. सपाटीवर ठीक, चढाला उतरून ढकला. सँ-एतिएनच्या दक्षिणेला गाव सोडले की लगेच कोल द ला रेपुब्लिकचा घाट लागतो. शहर पाचशे मीटरच्या थोडे वर, घाटमाथा ११६१ मीटरवर. चढ फार उभा नाही, पण संपता संपत नाही. व्हेलोसिओने हीच आपली प्रयोगशाळा केली. दोन चेन, तीन चेन, चाक उलटे फिरवून बसवायची युक्ती, परदेशांतून मागवलेले गियर, सगळे या चढावर घासून पाहिले आणि निष्कर्ष मासिकात छापले. चेन सरकवून गियर बदलणाऱ्या डेरेलरचा एवढा चिकाटीचा वकील त्या काळात दुसरा नव्हता.

विरोधी पक्षात होता आंरी देग्रांज, टूर द फ्रान्सचा जनक. १९०२ मधल्या एका डोंगरी चाचणीत मार्थ हेस ही बाई तीन गियरच्या ‘गोलोआज’ सायकलवर, कुठेही पाय न टेकता, एक गियरवाल्या व्यावसायिक स्वाराच्या पुढे गेली, हा किस्सा फ्रेंच सायकलवाले अजून चवीने सांगतात. देग्रांजचे म्हणणे असे, की गियर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. टूरमध्ये डेरेलरला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये, म्हणजे व्हेलोसिओ ट्रामच्या धक्क्याने गेल्यानंतर सात वर्षांनी! गंमत अशी, की १९०३ च्या पहिल्याच टूरने ओलांडलेला हजार मीटरवरचा पहिला घाट हाच रेपुब्लिक. पुढच्या वर्षी याच घाटात रात्रीच्या अंधारात स्थानिक स्पर्धकाच्या चाहत्यांनी इतरांना अडवून मारहाण केली. आज माथ्याजवळ व्हेलोसिओचे स्मारक आहे आणि दरवर्षी त्याच्या नावाने चढाईचा दिवस साजरा होतो. त्यात म्हातारे जास्त असतात.

गियरचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकावे. भारतात टूरिंगसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींचे गियर सामानासह घाट चढायला जड पडतात. सामान लादलेल्या सायकलला पुढे सव्वीस दात आणि मागे बत्तीस असावेत, असे म्हटले की तरुण मंडळी हसतात. हीच मंडळी नंतर दहा टक्क्यांच्या चढावर सायकल हातात धरून चालताना दिसतात.

आता रस्त्यांकडे. मिशेलिनचा कागदी नकाशा पसरावा. मोठे रस्ते लाल, त्याखालचे पिवळे, आणि वाडीला वाडी जोडणारे पांढरे. रस्त्याला हिरवी किनार असेल तर देखावा चांगला. चढ असेल तिथे बाणाचे टोक: एक असेल तर पाच ते नऊ टक्के, दोन असतील तर नऊ ते तेरा, तीन असतील तर आदल्या रात्री नीट जेवून घ्यावे. पांढरा रस्ता, हिरवी किनार आणि एक बाण हा योग जुळला की दिवस सत्कारणी लागला. मोबाइलमधले अ‍ॅप हा योग दाखवत नाही. ते सगळ्यांना एकाच रस्त्यावर पाठवते.

असा योग जुळवत जाणारा, लेखकाचा आवडता मार्ग रोन नदीकाठच्या ला व्हूल्तपासून सुरू होतो. पहिला टप्पा ‘डोल्चे व्हिया’ नावाचा, १९६८ मध्ये बंद पडलेल्या मीटरगेज रेल्वेच्या जागेवरचा. एरिये नदीच्या कडेने, जुने पूल आणि बोगदे ओलांडत, रेल्वेच्या सौम्य चढाने तो ल शेलारला आणून सोडतो. तिथून खरी परीक्षा. मेझियाकच्या चौरस्त्यापर्यंत (१११९ मीटर) रस्ता सतत चढतो. आधी चेस्टनटची झाडे, मग बीच, मग उघडे माळ. लाशां-राफाएल गाव ओलांडले की वारा अंगावर येतो आणि समोर जेर्बिए द जोंचा १५५१ मीटरचा सुळका उभा राहतो. हजार किलोमीटर वाहत जाऊन अटलांटिकला मिळणारी ल्वार इथे उगम पावते. ‘ल्वार आ व्हेलो’ या प्रसिद्ध सपाट मार्गाचे प्रवासी नदीच्या या टोकापर्यंत येतच नाहीत. याच पठारावर पाणलोटाची रेघ आहे: एका बाजूचे पाणी अटलांटिकला, दुसऱ्या बाजूचे भूमध्य समुद्राला.

पुढे लोझेर. कोल द फिनिएल (१५४१ मीटर) चढून ल पाँ-द-माँव्हेरला उतरावे. १७०२ मध्ये प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनी इथेच एका जुलमी धर्मगुरूला ठार केले आणि कामिझारांचे बंड पेटले. १८७८ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मोदेस्तीन गाढवीला हाकत याच डोंगरातून गेला. आता फ्लोराकपासून सँ-जाँ-द्यु-गारपर्यंतची ‘कॉर्निश दे सेव्हेन’. बंड मोडायला निघालेल्या राजाच्या फौजेसाठी बांधलेला हा रस्ता डोंगराच्या कण्यावरून धावतो. फौजेला दोन्ही दऱ्यांवर नजर ठेवायची होती, त्याचा फायदा आज सायकलवाल्याला. खाली दगडी बांध घातलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात तुतीची जुनी झाडे अजून दिसतात. रेशीमकिड्यांच्या रोगाने इथला धंदा बुडत होता, तेव्हा १८६५ मध्ये लुई पाश्चर शोध घ्यायला जवळच्या आलेस गावी आला होता. व्हेलोसिओच्या गावाच्या फितींचे रेशीम आणि हे डोंगर असे एकाच धाग्यात येतात.

या मार्गाबाहेरचेही थोडे. कांतालमधला पा द पेरोल (१५८९ मीटर) हा मासिफ सांत्रालमधला सर्वांत उंच रस्त्याचा घाट. शेवटचे दोन किलोमीटर जीव काढतात. व्हेरकोरमध्ये कोंब लाव्हालचा कड्यात कोरलेला रस्ता पाहावा. एकोणिसाव्या शतकात जंगलातले लाकूड खाली आणायला तो खोदला. एग्वालच्या डोंगराबद्दल टिम क्राबेची १९७८ ची ‘द रायडर’ ही कादंबरी वाचली की काम होते.

सायकलीबद्दल थोडे. रने हेर्स आणि आलेक्स सिंगर या पॅरिसकडच्या कारागिरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मडगार्ड, दिवा, पुढची पिशवी आणि रुंद ६५०बी टायर यांचा असा मेळ जमवला, की पुढे त्यात सुधारायला फारसे उरले नाही. १९३६ च्या पगारी रजेच्या कायद्याने कामगारवर्ग टँडेम घेऊन रस्त्यावर आला होता, त्या लोंढ्याचे हे फळ. नंतर चार दशके जग बारीक टायरच्या मागे धावले. आता तेच रुंद टायर ‘ग्रॅव्हल’ म्हणून दामदुपटीने विकले जातात आणि काल नाके मुरडणारे आज त्यांचे कौतुक लिहितात. यावर अधिक बोलणे नको.

मुलूख तोच असला तरी गावे तीच राहिलेली नाहीत. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये दोन लाख कॅफे होते, आज चाळीस हजारही नाहीत. बेकरीच्या जागी पाव देणारे यंत्र उभे असते, पैसे घातले की गरम ‘बागेत’ पाव हाती येतो. नगरपालिकेचे स्वस्त तंबूतळ खासगी कंपन्यांकडे जात आहेत. आर्देश जिल्ह्यातली नियमित प्रवासी रेल्वे १९७३ मध्येच थांबली. पाण्याचीही पंचाईत होते, पण त्यावर जुना उपाय आहे. गावाबाहेरच्या दफनभूमीत फुलांना घालण्यासाठी नळ असतो. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर बाटली भरावी, फाटक आठवणीने लावून घ्यावे. दुकाने बारा ते दोन बंद आणि सोमवारी बहुधा दिवसभर बंद, हे ध्यानात ठेवून रविवारी सकाळीच पाव आणि चीज बांधून घ्यावे. शाकाहाऱ्यांची आबाळ होते हे खरे. पण ल प्युईच्या ज्वालामुखीच्या मातीतली हिरवी मसूर आणि ओब्राकचे बटाटा-चीज घोटून केलेले ‘अलिगो’ यांवर दिवस निभतात.

पुणे, मुंबई, नाशिकची मंडळी हल्ली दर चार वर्षांनी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जातात. बाराशे किलोमीटर नव्वद तासांत, ब्रिटनीचे चढ-उतार निम्मे अंधारात. त्या जिद्दीला नमस्कारच आहे. पण व्हिसा, विमानाचे तिकीट आणि सायकलचे खोके यांवर एवढा खर्च करून पदक घेतले की चौथ्या दिवशी परत, हे बरे नव्हे. पुढची खेप ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट दहा दिवस पुढचे काढावे, पॅरिसच्या गार द लिओंवरून सँ-एतिएनची गाडी पकडावी, सायकलसाठीचे आरक्षण आधी पाहून ठेवावे आणि हलका गियर लावून रेपुब्लिकच्या घाटाने दक्षिणेला निघावे.